मानाच्या साड्या आणि माझे दोरे

१८ मार्च
शिमगा आटपला, पालखी देवळात परत गेली. आता घरात एकच विषय, माझ्या नातीचं, सायलीचं लग्न. हे लिहिणारीही तीच. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही, म्हणून मी सांगते नि ती लिहिते. लिही म्हटलं, "नवरी आळशी आहे." तोंड वाकडं केलंन, पण लिहिलंन.

ठरलं ते असं. हॉल नाही, मांडव दारात. पत्रिका फोनवर. जेवण वाडीतल्या बायका रांधणार. लग्नासाठी सुरेशने, माझ्या मुलाने, जे बाजूला ठेवलंय त्यातून उरेल ते सायलीच्या यंत्राला. आंब्याचा रस काढायचं यंत्र. ते घेऊन ही गुहागरला सासरी जाणार. मला माझ्या लग्नात तांब्याची कळशी मिळाली होती. तिने जन्मभर पाणी भरायला लावलंन. बघू यंत्र काय करायला लावतंय.

२३ मार्च
गुहागरहून विहीणबाईंचा फोन. सगळ्यांनी मिळून ऐकला.
"मांडव दारात, हरकत नाही. पंगत साधी, हरकत नाही. पण मानाच्या साड्या सोडू नका हां, आजी. आमच्या तेवीस बायका."
"तेवीस? नीट मोजल्यात ना? कोणी राहायला नको," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.
फोन ठेवल्यावर सुरेश म्हणाला, "तेवीस साड्या घेतल्या तर यंत्र पुढल्या वर्षावर गेलं." सायली उठून भांडी घासायला गेली. ती न सांगता कामाला लागली की मला काळजी लागते.

२४ मार्च
सकाळी ट्रंक उघडली.
मानाची साडी कोणी नेसतं का? नाही. ती प्रवास करते. या लग्नात मिळते, त्या बारशात जाते. मी एकदा दिलेली गुलाबी साडी सात वर्षांनी मलाच परत आली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तेव्हापासून मी खूण करते. आलेल्या साडीला काठाच्या आतून एक दोरा. माहेरची असेल तर तांबडा. वरच्या वाडीची, हिरवा. गुहागरकडची, पिवळा, दोन गाठी. म्हणजे ज्याचं त्याला परत जायला नको. तुम्ही लोक नावं लिहिता, मी शिवते.
ट्रंकेत सव्वीस निघाल्या. साखरपुड्यात गुहागरहून आलेल्या पिवळ्या दोऱ्याच्या तीन वगळल्या तर किती? सायलीने बोटं न मोजता सांगितलंन, तेवीस.
कुलदेवतेला नारळ कबूल केला. एकच. काटकसर चालू आहे.

२ एप्रिल
सुनेने, वैशालीने, सगळ्या साड्यांना घरीच इस्त्री केलीन. माझ्यापुढे ढीग आणून ठेवलान. मी हात फिरवते तर दोरा लागेना. दुसरी, तिसरी... एकीलाही नाही.
"वैशाली, दोरे?"
"आई, कडेला दोरे लोंबत होते सगळ्यांच्या. कापून टाकले. आता कशा कोऱ्या दिसतात बघा!"
माझी अख्खी पोथी कात्रीने गेली.
तिला काय बोलणार? माझं हे शिवण मी कधी तिला सांगितलंच नाही. बावीस वर्षं एका चुलीवर जेवण केलं दोघींनी, तरी नाही सांगितलं. का नाही? माहीत नाही. प्रत्येक बाईकडे एखादी गोष्ट असते.

३ एप्रिल
आता सव्वीसातल्या कुठल्या तीन? सायलीने साखरपुड्याचे फोटो दाखवलेन. फोटोत माणसं दात काढून उभी आणि साड्या पिशवीत. त्या वेळी साड्या बाहेर काढून कोणीच बघितल्या नाहीत. मीही नंतर दोरा घातला तो नुसता काठ उलटून, रंग ध्यानात कशाला ठेवू? मानाची साडी बघायची नसते, घ्यायची असते.
सुरेश म्हणतो, तीन नव्या आणू. अरे, पण नव्या तीन कुठल्या तिघींच्या जागी? ते कळलं तर नव्यांची गरजच नाही!
विहीणबाईंची साडी त्यांच्याच जावेच्या हातात दिली तर सायली माप ओलांडायच्या आत टोमण्याला सुरुवात. ते मात्र मला नको. मी केलेली चेष्टा वेगळी, दुसऱ्याने तिची केलेली चालायची नाही.

५ एप्रिल
वास घेतला. एकेका साडीचा. वैशाली खुर्चीवर बसून म्हणते, "आई, इस्त्रीने वास राहतो का?" राहतो. घडीच्या आत राहतो. गुहागरच्या त्या घरात माळ्यावर नि पडवीत सुपारीची पोती, साखरपुड्यालाच बघून आले होते. दोन साड्यांना सुपारीचा वास लागला. एक अबोली, एक राखाडी. त्या बाजूला.
तिसरी सापडेना. जांभळी की मोरपिशी? जांभळीला वास येतो वाटतं, मग मोरपिशीलाही येतो, मग माझ्या बोटांनाच येतो. सायलीला हुंगायला दिलं. शिंकली.
"आजी, हे सगळं लिहायचं?"
"शिंकेसकट."

१९ एप्रिल
यंत्रवाल्याला आगाऊ रक्कम दिली. आता मागे फिरणं नाही. जांभळी ठेवून घेतली, मोरपिशी द्यायची ठरवली. कशावरून? मोरपिशी मला आवडत नाही.

३ मे
लग्न झालं. आज वैशाली लिहितेय, कारण लिहिणारी गेली. वैशालीचं अक्षर मोठं आहे म्हणे, कागद लवकर संपणार. संपू दे.
मान देताना मी खुर्ची मुद्दाम जवळ घेतली. बावीस साड्या विनातक्रार. मोरपिशी विहीणबाईंच्या धाकट्या जावेच्या हातात गेली. विहीणबाईंनी ती तिच्याकडून घेतली, घडी उलटी केली आणि काठाच्या आतून बोट फिरवलंन. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश. कापड बघणारी बाई काठ बाहेरून बघते हो.
माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, साडी ओळखीची वाटते."
"बाई, सगळ्या साड्या शेवटी रत्नागिरीच्याच दुकानातल्या."
त्यांनी साडी जावेला परत दिली. हसल्या की नाही ते नथीमुळे कळलं नाही.
वैशाली विचारतेय, कात्रीची गोष्ट लिहिली होती का. लिहिली होती. मागचं पान वाचतेय आता. वाच.

८ मे
सायली पाचपरतावणाला माहेरी आली, जावई बरोबर. यंत्र सोमवारी तिकडे पोचतंय. विहीणबाईंनी त्यासाठी पडवी रिकामी करून दिलीन, सुपारीची पोती हलवलीन. म्हणजे राग नसावा. की राग असूनही पडवी दिलीन? हे जास्त अवघड.
"काही बोलल्या का, साड्यांचं?"
"नाही गो आजी. एक दिलीन तुझ्यासाठी. म्हणाल्या, आजींनाच द्यायची, त्यांच्याच हातात."
करडी साडी, बारीक काठ. सगळे बघत होते म्हणून छान म्हटलं नि उशाशी ठेवली.

९ मे
सायली परत गेल्यावर साडी उलटी केली. बोट फिरवलं. काठाच्या आत, कोपऱ्यापासून चार बोटांवर, दोरा. निळा. तीन गाठी.
माझा नाही. मी निळा कधी वापरला नाही. आणि विहीणबाई तर शिकलेल्या, पोस्टात नोकरी केलेली बाई! त्यांना दोऱ्याची काय गरज?
निळा म्हणजे कोण? तीन गाठी म्हणजे काय? आम्ही की आणखी कोणी? विसरून राहिला की मला सापडावा म्हणून ठेवलान?
वैशाली म्हणते, "फोन करून विचारा ना." असं विचारतात होय?
तिला सुई ओवून द्यायला लावली. पिवळा दोरा. त्या निळ्याच्या शेजारी माझ्या दोन गाठी मारल्या, आणि पहिल्यांदाच वैशालीला जवळ बसवून दाखवलं कशा मारायच्या. तिच्या गाठी फारच ढोबळ येतात.
साडी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली आहे. सायलीकडे पहिलं काही कार्य निघालं की विहीणबाईंच्याच हातात देणार. बोट फिरवतील. मग बघू, आधी कोण विचारतंय.