चौदा तासांचं माप

१० मे, रविवार
पोरीचं लग्न २३ तारखेला, शनिवारी सकाळी नऊला, तिकडे परदेशात, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. जावईबापूंचा सूट मीच शिवणार. तीस वर्षं टेलर आहे मी, मापात कधी चुकलो नाही. भिंतीवरच्या नकाशावर टेप लावली. इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत पावणेसोळा हजार किलोमीटर. वेग ताशी नऊशे. साडेसतरा तास! तोंडी केलं गणित. डोकं अजून तल्लख आहे.

११ मे
जावईबापू फोनवर म्हणाले, अंतर साडेबारा हजारांच्या आसपास, पृथ्वी गोल असते ना. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप भिंतीवर घेता का?" शेजाऱ्यांचा पृथ्वीगोल आणून टेप गुंडाळली. बारा हजार सहाशे. चौदा तास. मला माहीत होतंच. तिची परीक्षा घेत होतो.

१३ मे
तिकिटं काढली. पोरीचा हट्ट, दोघंही गुरुवारीच निघा. बायकोने निमूट गुरुवारचं घेतलं. घाबरट! मी शुक्रवारचं. दुपारी अडीचला निघायचं, चौदा तास, पहाटे साडेचारला हजर. वर साडेचार तास हातात! तिकिटावर मात्र उतरायची वेळ सकाळी अकरा छापलीय. साधी बेरीज येत नाही. काय एकेक लोक असतात.

१८ मे
उद्यापासून सूट जोरात. आज कापड नुसतं पाहिलं. अप्रतिम.

२१ मे, गुरुवार
बायको गेली. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीचा. धीर द्यायला गेलो तर तीच म्हणाली, "सांभाळून या हो." कोट झाला. बटणं राहिलीत, पँट खालून दुमडायचीय. चौदा तास विमानात काय करायचं, हा प्रश्न सुटला.

२२ मे, सकाळी साडेअकरा
विमानतळ. तपासणीवाल्या बाईंनी माझी मोठी कात्री काढून घेतली. म्हटलं, बाई, हिने आजवर फक्त कापडच कापलंय. त्या म्हणाल्या, "काका, पुढे सरका." सुया वाचल्या.

दुपारी
ढग चक्क पायाखाली! चार बटणं लावली. शेजारच्या बाईंना माझा हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, अहो, तो देश आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. म्हटलं, तास कसले, पन्नास वर्षं पुढे आहे!

२३ मे, शनिवार
उतरलो. माझ्या घड्याळात बरोबर पहाटेचे साडेचार. बाहेर लख्ख ऊन. भिंतीवरच्या घड्याळात अकरा. मग शेजारच्या बाईंचे साडेसहा तास आठवले.
दाराशी तिघं उभी. पोरीच्या हातात फुलं. जावईबापू मित्राच्या कोटात, बाह्या कोपराकडे निघालेल्या. पोरगी म्हणाली, "बाबा, झालं लग्न." रजिस्ट्रारला तिने अर्धा तास थोपवून धरलं होतं म्हणे. सूट पुढे केला. जावईबापूंनी तिथेच कोट चढवला. तंतोतंत! पोरगी हसता हसता रडली. माझेही डोळे वाहिले, पण ते विमानातल्या एसीमुळे.

२४ मे
बायको कालपासून नुसती बघते आणि हसते. परतीचं तिकीट नीट वाचलं. सकाळी दहाला निघून त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला इकडच्या विमानतळावर. जाताना चौदा तास, येताना साडेसात!
उतार असणार.