विचारपूस करायला गेलेल्या गुरुजींची हकीकत

निपाणी,
फेब्रुवारी १९८१

ती. आक्कास सिद्रामचा सप्रेम जयभीम.

गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली कोनाड्यात ठेवून नुसती तिच्याकडं बघतेस? हे पत्र तू नेहमीप्रमाणं काकतीच्या गिरणीत मोठ्यानं वाचणार हे धरून, तिथं दळणाला बसलेल्या समस्त मायबहिणींनाही माझा जयभीम, नमस्कार, जिला जे चालेल ते. बायांनो, तुमच्यापैकी जी कुणी शाळेची पायरी चढली, तिला शाळेनं एकदा तरी "जेवलीस का?" म्हणून विचारलं होतं का? "पाढे पाठ झाले का?" एवढंच विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी छडी आली. तर ऐका, तो अन्याय आता संपला. वरच्या साहेबांना विद्यार्थ्यांसाठी पान्हा फुटला आहे.

झालं असं की, प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या मनाची विचारपूस करावी, असा हुकूम आला. (हुकूम कन्नडमध्ये आला, बेळगावात कॅम्पातल्या एका साहेबानं तो आम्हाला इंग्रजीत समजावला आणि आम्ही तो मराठीत विसरलो. सीमाप्रश्न म्हणतात तो हाच.) हेडमास्तरांनी माझ्याकडं सातवी दिली. कारण काय, तर माझा आवाज. गावातली सभा माझ्या भाषणावाचून उठत नाही, तेव्हा जो आवाज चौकापर्यंत पोचतो तो पोरांच्या मनापर्यंतही पोचेल, असा त्यांचा अंदाज. मीही बालमनावरची कपाटभर पुस्तकं वाचलेली. निघालो.

आता आक्का, आपल्या भागात गुरुजी घरी कधी येतात? पोरानं काच फोडली तर, नाहीतर पोरगं नापास झालं तर. हे त्या कपाटातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. पहिलं घर भीमाप्पाचं. मी गल्लीच्या तोंडाला दिसलो मात्र, त्यानं पोराला धरून दोन ठेवून दिल्या आणि मग मला हात जोडले, "या गुरुजी. आता सांगा, काय केलंय ह्येनं?" मी म्हटलं, काही केलेलं नाही, तो सुखात आहे का एवढंच विचारायला आलोय. भीमाप्पा चक्रावला. "सुखात? आन् ते कशापायी?" मग पोराला आणखी एक. "सांग रं गुरुजींस्नी! सुखात हायस का न्हाईस?" पोरगं हुंदके देत म्हणालं, "व्हय, लई सुखात हाय."

त्यानंतर मी गल्लीत शिरलो की पोरं माळ्यावर चढायला लागली. राजमतीबाईंनी मला पाटावर बसवून तुपातला शिरा वाढला, आणि ज्याच्या मनाचा ठाव घ्यायचा तो त्यांचा जिनदत्त वर बसून माझ्या शिऱ्यात माळ्याची धूळ पाडत होता. हेडमास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वा! शिस्त सुधारली की हो."

मग गुणाचं घर. गुणा म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी आणि सगळ्यात झोपाळू. पहिल्या तासाला फळ्याकडं बघता बघता मान टाकते. घरी गेलो तर ती आणि तिची आई पारूबाई, दोघींच्या मांडीवर सूप, पहाटेपासून विड्या वळणं चाललेलं. झोपेचं कारण समोर बसलं होतं. शहाण्यानं तिथं गप्प राहावं. पण मी पडलो वक्ता. बाप भरमू तंबाखूच्या वखारीतून येऊन नुकता हातपाय धूत होता. त्याला तसाच ओल्या पायांनी उभा करून मी बालपण, श्रम आणि समाजाची झोप यांवर असा बोललो, की शेजारपाजार गोळा झाला. टाळ्या पडल्या, आक्का! भरमूनं डोळे पुसले. (माझ्या बोलण्यानं, की वखारीतल्या तंबाखूनं, कोण जाणे.) म्हणाला, "चुकलं गुरुजी. पोरगी वर्गात झोपती, म्हून तुमास्नी उनातनं घरापत्तूर यावं लागलं. आता तुमास्नी तरास न्हाय हुणार."

भरमू शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीला आजीकडं धाडलं. विड्या काय, तिथंही वळता येतात. आणि हेडमास्तरांनी वर कळवलं, की आमच्या शाळेत आता एकही मूल वर्गात झोपत नाही. साहेब खूश. सोमवारी माझा सत्कार आहे, शाल आणि नारळ.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप.

तुझा,
सिद्राम

ता. क. आक्का, एवढं वाचून झाल्यावर गिरणीत एक म्हातारी पिठाकडं बघत बसली असेल. ती तुझी शेजारीण तानीबाई, पारूबाईची आई, गुणाची आजी. इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. तिच्याजवळ सरकून हळू वाच. सातवीची परीक्षा तोंडावर आली आहे. गुणाचं नाव अजून पटावर आहे (पोरं नसली तरी पट भरलेला असावा, हे हेडमास्तरांचं तत्त्व). तिला न्यायला मीच आलो असतो. पण गुरुजी दारात दिसले की पोरांच्या पाठीचं काय होतं, ते वर लिहिलंच आहे. काल पारूबाई शाळेच्या फाटकाशी आली. मी तोंड उघडलं तशी म्हणाली, "भाषन नगं गुरुजी. माझी पोरगी तेवढी आना. तिच्या बाला मी बघती, आन् पहाटंचं सूप बी मी एकटी बघती." तानीबाईला हे शब्द जसेच्या तसे सांग. मी त्यांत काही घातलेलं नाही.

आणखी एक. सत्काराला मी येणार नाही असं कळवलंय. वर्गात खिडकीजवळचा मागचा बाक मोकळा करून ठेवलाय. पहिल्या तासाला गुणाला झोप आली, तर मी हळू आवाजात शिकवीन. (हसू नकोस. जमेल मला.) येत्या रविवारी सकाळी पोरीला दप्तरासकट निपाणीच्या गाडीत बसव. स्टँडवर पारूबाई उभी असेल.