तांब्याच्या नळीचे सहा वेढे

६ जानेवारी १९८५, रविवार

बसवली! तांब्याची नळी, सहा वेढे, रेडिएटरच्या गरम पाण्याच्या रबरी होजभोवती. वरून उष्णता अडवणारी बॉयलरची अ‍ॅस्बेस्टॉस दोरी गच्च गुंडाळली. आता पेट्रोल या वेढ्यांतून तापून मगच कार्बोरेटरला जाणार. बोटं सोलली, पण काम झकास झालंय.

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात फर्नेस ऑइल तापवल्याशिवाय बर्नरला देत नाहीत. थंड दिलं की काळा धूर आणि तेल वाया. अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळतोय – आधी गिरणीत, आता इथे. जे बॉयलरला चालतं ते फियाटला का चालू नये? शेजारचा विद्याधर कॉलेजात शिकवतो. म्हणाला, "दत्ताराम, ऑइल जाड असतं म्हणून तापवतात. पेट्रोल मुळात पातळ, त्याला कशाला शेकतोस?" पुस्तकी पोपट मेला!

कारखान्यातल्या साहेबांची ही जुनी गाडी घेतली तेव्हापासून लिटरला साडेनऊ किलोमीटर. बायको म्हणते, हत्ती पाळलाय. मला मे महिन्यात तिला याच गाडीतून देवगडला, तिच्या माहेरी न्यायचंय. लग्नाला तीस वर्षं होतील. पण प्रेमा गाडीत बसायलाच तयार नाही. "एस.टी.नं जाऊया," एवढंच.

९ जानेवारी

कामावर जाताना हायवेला दोन टॅक्सी आणि एक ट्रक मागे टाकला. गाडी नुसती उधळलीय!

१३ जानेवारी

टाकी फुल ते टाकी फुल मोजलं. नऊ पॉइंट सहा. असो. नळी नवीन आहे, रुळायला वेळ लागणारच.

२० जानेवारी, रविवार

वाट लागली. प्रेमाला हातापाया पडून गाडीत बसवली. बोरिवलीहून निघालो, दहिसरच्या अलीकडे गाडी ठप्प! बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. नळीतच त्याची वाफ झाली होती. मी बॉयलरवाला, आणि मला हे सुचू नये! ओलं फडकं टाकून फुंकर मारत उभा होतो, तेवढ्यात ही कडाडली. "पेट्रोल उकळतंय आणि आपण वर बसलोय! जीव जड झालाय काय तुमका? आणि गाडी चालवताय की शर्यत लावताय?" समोरून बस आली. गेली चढून. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

खूप वाईट वाटलं.

२३ जानेवारी

गाडी मालाडला शिवदासच्या गॅरेजला दिली. कार्बोरेटर साफ कर म्हटलं. नळीला हात लावायचा नाही, दोनदा बजावलं.

२४ जानेवारी

प्रेमा शिवदासच्या बायकोकडे हळदीकुंकवाला गेली. मी पिठलंभात. खालून करपला.

२५ जानेवारी

गाडी आली. वेढे जागच्या जागी, दोरी जागच्या जागी. आणि नवल! प्रेमा आपणहून म्हणते, "रविवारी मी येते. पण किलोमीटरची वही मी लिहिणार. लिटरला तेरा आले तर मे महिन्यात देवगडला गाडीनं. नाही आले तर एस.टी., आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही."

तेरा! देवा रवळनाथा, लाज राख.

२७ जानेवारी, रविवार

सकाळी पंपावर टाकी फुल. घोडबंदरवरून ठाणे, मुलुंड, घाटकोपर करून घरी. संध्याकाळी परत फुल. अकरा पॉइंट दोन!! गाडी कुठेही थांबली नाही. प्रेमाला मळमळू नये म्हणून चाळीसच्या वर काटा नेलाच नाही. स्कूटरवाले पुढे जात होते, जाऊ देत. हिनं पदराला वही पुसून आकडा लिहिला, खाली सही केली. मला सही करू दिली नाही.

१० फेब्रुवारी

अकरा पॉइंट नऊ. वर्सोव्याला गेलो होतो. सुकत घातलेले बोंबील बघून ही अशी हसली! वासानं मला गावच्या घराची आठवण झाली. तिलाही झाली असणार. गाडीत सुके बोंबील आणले. आता आठवडाभर वास जाणार नाही, जाऊ नये.

२४ फेब्रुवारी

बारा पॉइंट सहा. येताना ही चक्क डुलकी काढत होती. माझ्या गाडीत! खड्डे चुकवत चुकवत आणली.

३ मार्च, रविवार

तेरा पॉइंट एक!!!

पेढे आणले. विद्याधरला दिले तर दोन घेतले आणि म्हणाला, "आश्चर्य आहे रे." म्हण आता! प्रेमानं देवगडला भावाला पत्र टाकलं – गाडीनं येतोय, आंबे काढून ठेव. मी आज फार सुखात आहे.

१७ मार्च

पाणी बघायला बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं. सहज दोरी सरकवून नळीला बोट लावलं. कोमट! होजला लावलं तर चटका. दोरी उलगडली. आत आणखी एक दोरी – होज आणि नळीच्या मध्ये! वेढे नुसते दाखवायला.

तसाच शिवदासकडे. खाली मान घालून म्हणतो, "काका, पेटली असती गाडी. काकू बसणार होत्या ना." म्हणजे जानेवारीपासून पेट्रोल थंडच जात होतं. मग तेरा कुठून आले?

२० मार्च

कामावर जाता-येता तीन दिवस गुपचूप मोजलं. एकट्यानं. साडेनऊ. म्हणजे नळीनं काही केलं नाही. ही शेजारी असली की मी माणसासारखी चालवतो, एवढंच. अठ्ठावीस वर्षांचा बॉयलरवाला!

२१ मार्च

सांगू की नको? तिनं वहीत तेरा लिहिलेत ते माझ्या नळीच्या नावावर. बॉयलरच्या लॉगबुकात मी कधी खोटी नोंद केली नाही. पण सांगितलं आणि देवगड गेलं तर? पत्र जाऊन पोचलंय. तरी उद्या पाडवा. वर्षाची सुरुवात लबाडीनं नको. सांगतो.

२२ मार्च, गुढीपाडवा

सांगितलं. श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, "माका ठाऊक आसा. हळदीकुंकवाला गेले तेव्हा मीच शिवदासला मध्ये दोरी घालायला लावली. नळीचं मला काय करायचंय? तुम्ही हळू चालवता की नाही, ते बघायचं होतं." म्हणजे सगळे रविवार परीक्षा माझी चालली होती! पास झालोय. वहीत तिची सही आहे.