डावं मागचं दार

चि. धम्मरत्न यास,
दाजींचा सप्रेम जयभीम. लातूरला सगळे खुशाल असाल. इकडे संत तुकाराम नगरात तुझी ताई बरी आहे. माझा गुडघा जिन्यात कुरकुरतो, बाकी शाबूत आहे. (फोनवर ताई कान देऊन ऐकते, म्हणून पत्र.)

तू विचारलंस, त्या छोट्या गाडीचं नवं रूप आलंय, इकडूनच न्यायची म्हणतोय, घेऊ का? मी चाकणच्या कारखान्यात त्याच गाडीच्या लाइनवर सव्वीस वर्षं काढली, तेव्हा दाजींना विचारलंस हे बरं केलंस. (मला गाड्यांमधलं सगळं कळतं असं ताई चारचौघांत सांगते, मीही कधी अडवलं नाही.) म्हणून काल मोशीच्या शोरूमला गेलो. तिथली मिनल नावाची मुलगी फार सोशिक. चालवून बघता का म्हणाली, तर मी गुडघ्याचं कारण सांगून तिच्या शेजारी बसलो. आता किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं. पडद्यावर एक हिरवं पान दिसतं. हळू चालवलं की टवटवीत, पाय जोरात दाबला की सुकतं. लिटरला पंचवीस किलोमीटर देते म्हणे. मी विचारलं, एवढं देते तर वजन कुठून कमी केलं? पत्र्यातून? मग दारं हलकी झाली का? दारांची एवढी चौकशी आजवर कुणी केली नव्हती, असं मिनल म्हणाली.

मग चौकात सिग्नल लागला आणि इंजिन गपकन बंद. आमच्या लाइनवर काही बंद पडलं की आधी सगळे शेजारच्याकडे बघतात. सवयीने मी ओरडलो, "माझा हात लागला नाही!" आणि उतरून मागून ढकलायला लागलो. मिनल खिडकीतून सांगतेय, "काका, पेट्रोल वाचवायला ती आपोआप बंद होते, आत बसा!" तेवढ्यात हिरवा लागला, इंजिन चालू झालं, मागच्या टेम्पोंनी हॉर्नचा गिल्ला केला आणि तिला गाडी पुढे न्यावी लागली. मी भर चौकात दोन्ही हात पुढे करून उभा. एक रिक्षावाला म्हणाला, "काय राव, आशीर्वाद देताय का?"

तर गाडी चांगली आहे. घे.

तुझा दाजी,
भीमराज

ता. क. खरं सांगतो, मला गाडी चालवता येत नाही. इंजिनातलंही काही कळत नाही. सव्वीस वर्षं मी फक्त डावं मागचं दार बसवलं. काल शोरूमला परत आल्यावर तेच दार अकरा वेळा उघडून लावलं. आवाज अजून तसाच आहे, भरीव. आता जो कुणी बसवतो त्याचा हात चांगला आहे. पण त्या दारातून आत बसून मी कधी कुठे गेलो नाही. गाडी न्यायला येशील तेव्हा मला तिथे बसवून कंपनीच्या गेटपर्यंत एक चक्कर मार. ताईला यातलं काही सांगू नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवायला ताईने नेलं होतं, तिने पत्र वाचूनच परत आणलंय. तीही येणार म्हणते. तिला पुढे बसव, तिला सगळं दिसलं पाहिजे. मला दार पुरे.