पळसाचा पुतळा

८ जानेवारी १९५६
बारा वर्षं झाली म्हणे! मी मोजत नव्हते, श्रीपाद भावजी मोजत होते. जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, दादाचा विधी आता उरकून टाकू. त्याला गती मिळायला नको?"

त्रेचाळीस सालच्या डिसेंबरात हे 'कामाचं बघून येतो' म्हणून अंबरनाथहून निघाले ते निघालेच. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं ठावठिकाणा नसला की शास्त्र माणसाला मेला धरतं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नाशकाला गोदावरीकाठी त्याला अग्नी द्यायचा – आणि मी कुंकू पुसायचं. जाऊबाई मालिनी खाली बघून आमटी वाढत होती. मला कुणी काही विचारलं नाही.

१० जानेवारी
गती कशाला हवी ते कळलं. बदलापूरचं, हेंद्रेपाड्यातलं मामंजींचं घर विकायचंय. कागदावर मोठ्या भावाची सही लागते. तो मेला तर विधवा म्हणून माझी चालेल. भावजींची सगळी भक्ती अशीच, कुठेतरी सही लागते तिथवर.

मी काय म्हणणार? निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानाची काजं-बटणं करते, पण डोक्यावर छप्पर त्यांचं. उमा मात्र माझ्याच कुशीत झोपते. भावजींची एवढीशी पोर, पण आईपेक्षा माझ्यावर जीव. तिनं विचारलं, "काकू, नाशकाला देव बघायला जाणार तुम्ही?" हो म्हटलं.

१४ जानेवारी
संक्रांत. मालिनीचं हळदीकुंकू. दर वर्षी मला शेवटचं वाण देते, आज पहिलं दिलं. पितळी करंडा – कुंकवाचा! मग तिचं तिलाच कळलं. म्हणाली, "वहिनी, वाणं आधीच आणून ठेवली होती हो." बायका उखाणे घेत होत्या. मला कुणी आग्रह केला नाही.

१८ जानेवारी
नाशकात पानं महाग मिळतील म्हणून भावजींनी भाजीवाल्या कौसाबाईला सांगून इथूनच मागवली. तीनशे साठ, देठांसकट. भाजीची पाटी उतरवून ती ओटीवर मोजत बसली. "बाय, येवरी पाना कशाला? जेवान हाय काय?" सांगितलं कशाला ते. ती थांबली. म्हणाली, "जित्तेपनी नाय आला, तो आता कावला होऊन येल काय गो?"

हसू आलं. मग आत जाऊन रडले. बारा वर्षांत असं सरळ कुणी बोललंच नव्हतं.

२१ जानेवारी, नाशिक
उमाला शेजारी ठेवून आम्ही तिघं आलो. स्टेशनाबाहेर उपाध्यांची माणसं – गाव कुठलं, आडनाव काय? भावजी चक्क म्हणाले, "कल्याण." खोटं कशाला? तेवढ्यात मालिनी बोलून गेली, "आमचं मूळचं बदलापूर, हेंद्रेपाडा." भावजींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती रस्ताभर गप्प होती. गाव कळल्यावर आमच्या घराण्याच्या उपाध्यांकडेच नेलं आम्हाला.

काळारामाचं दर्शन घेतलं. कपालेश्वराच्या पायऱ्या चढले. काय मागायचं ते सुचेना. मेले असोत म्हणू की नसोत म्हणू? नुसती उभी राहिले. मागच्या बाईनं ढकललं.

२२ जानेवारी
थोडक्यात लिहिते.

रामकुंडावर भावजी न्हाव्यापुढे बसले होते. इकडे पुतळा बांधून झाला, डोक्याच्या जागी नारळ. गुरुजींनी मृत्यूची नोंद करायला घराण्याची वही उघडली. आजेसासऱ्यांची सही, मामंजींची सही, आणि खाली यांची. ते वळणदार 'दि' मी ओळखते.

गुरुजींनी मोठ्यांदा वाचलं. "शके अठराशे बहात्तर, वैशाख. दिनानाथ, तीर्थश्राद्धासाठी. पत्नी कैलासवासी कुमुदिनी. हल्लीची पत्नी सौभाग्यवती कुंदा, मुलगा बाळा. बंधू श्रीपाद, भावजय मालिनी, पुतणी उमा." मग चष्मा काढून म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी इथे आलेला माणूस बारा वर्षं बेपत्ता कसा? हा विधी मला करता येणार नाही."

भावजींचं अर्धं डोकं भादरून झालं होतं. "गुरुजी, दुसरा कुणी असेल," म्हणाले. मी म्हटलं, "दुसरा नाही. यातली कैलासवासी कुमुदिनी मीच." न्हाव्याचा हात थांबला.

माझं श्राद्ध घातलंन इथे, याच घाटावर! मी तेव्हा अंबरनाथला ह्याच्या आयुष्यासाठी सोमवार धरत होते. पुतळा मीच सोडवला आणि एकेक पान गोदावरीत टाकलं. तीनशे साठ. मालिनी शेजारी बसून रडत होती. का, ते विचारलं नाही मी.

२४ जानेवारी
घरी आलो. भावजींचा गुळगुळीत गोटा बघून चाळीत सगळ्यांना वाटलं, उरकलं. शेजारणी माझ्या कपाळाकडे बघतात. भावजी म्हणाले, "कुंकू पुसा वहिनी. लोकांना काय सांगायचं? मला तरी कुठे माहीत होतं!"

लावावं तर त्याच्या नावाचं. पुसावं तर तो जिवंत. आज तसंच राहू दिलं.

२ फेब्रुवारी
उमाचा वाढदिवस. ओवाळताना म्हणाली, "काकू, मी सात वर्षांची झाले." निरांजन हातातच राहिलं.

सात वर्षांची, म्हणजे जन्म एकोणपन्नासचा. तो गेला त्रेचाळीसला. मग त्या वहीत 'पुतणी उमा' कुणी सांगितली त्याला?

मला मेली सांगून दुसरी केलेली, सहीला उजळ माथ्यानं येता येत नाही, म्हणून भावजींना तो मेलेला बरा.

भावजी सहाला घरी येतात. पाट मांडलाय. माझी ही वही त्यांच्या ताटाच्या जागी उघडी ठेवते.