चार नंबर सोडून बाकी सगळं

सोमवार, ३ मार्च २०२५, रावेर
पोचले एकदाची! धुळ्याहून जळगाव, तिथून रावेर, एसटीनं कंबर पार मोडली. पण केळीचे ट्रक दिसायला लागले आणि मूड आला. माझं पहिलं स्वतंत्र काम! पप्पांचं गल्लीभर सांगूनही झालंय.

प्रेमराजभाऊंच्या केळी पिकवायच्या चार चेंबर आहेत, म्हणजे हवाबंद थंड खोल्या. प्रत्येकीत तापमान आणि गॅस मोजणारं यंत्र. सगळे आकडे, दार-पंख्याच्या वेळासुद्धा, ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात साठतात. परदेशातल्या खरेदीदारांना ते तिकडे बसून बघायचेत, म्हणून क्लाउडवर न्यायचे. कसे न्यायचे, त्याचा आराखडा मी करायचा. भाऊंनी विचारलं, आमचे आकडे तिकडे कोणाच्या घरी राहतील? मुंबईत, म्हटलं. मग भाडं पण मुंबईचंच लागणार, म्हणाले. माणूस मजेशीर आहे. रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या, हाणल्या पाच.

मंगळवार, ४ मार्च
मॅनेजर भूषणभाऊंबरोबर यादी केली. सगळे मिळून एकच पासवर्ड वापरतात, मी चांगलं झापलं. खोलीत गॅस वाढला की गजर होतो. पण लाईट गेली-आली तरी तो उगाच बोंबलतो, म्हणून भूषणभाऊ खुर्चीत बसल्या बसल्याच तो बंद करतात. उठून बघायचं नाव नाही! आराखड्यात ठळक लिहिलंय.

प्रेमराजभाऊ म्हणाले, मागचं एक वर्षच न्या, आणि चार नंबर सोडून. ती खोली दोन वर्षं बंद आहे. जुना कॉम्प्युटर पुढच्या बुधवारी भंगारात जाणार. मी बरं म्हटलं, पण अर्धवट काम मला जमत नाही.

बुधवार, ५ मार्च
केळी धुणाऱ्या नानीबाईशी गट्टी जमली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. तिचा नवरा सुकलाल इथेच कामाला होता. दोन वर्षांपूर्वी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात गेला. इथले सांगतात, दुपारीच दारू पिऊन बाजाराला निघाला आणि रस्त्यात पडून मेला. नानीबाई म्हणते, त्यानं आयुष्यात दारूला बोट लावलं नाही. मला विचारत होती, तुझ्या मशीनमध्ये दिसेल का गं, तो त्या दिवशी कुठे होता? आतापर्यंत जो तो हसला म्हणे तिला. मला भरून आलं. बघते म्हणाले.

गुरुवार, ६ मार्च
चार नंबरमधलं यंत्र चालूच आहे. रिकाम्या बंद खोलीत गॅसचा आकडा हलायला नको. तो रोज दुपारी दोनपासून चढतो, हळूहळू, एका लयीत. केळी पिकताना तो गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडतात, माणूसही श्वासातून सोडतो. आत तर काहीच नाही.

भूषणभाऊ म्हणाले, यंत्र बिघडलंय. मी हट्टाला पेटले. नानीबाईला दाराशी उभं केलं आणि धुतलेल्या रिकाम्या दोन नंबरमध्ये अर्धा तास बंद बसले. मग दोन्ही आलेख शेजारी ठेवले.

हुबेहूब सारखे. चारमध्ये कोणीतरी श्वास घेतंय.

शनिवार, ८ मार्च
सुकलाल गेला त्या दिवसाची नोंद सापडली. चार नंबर केळीनं भरलेली. एक पंचावन्नला दार बंद, पंखा बंद. दोन चाळीसला गजर, आणि मिनिटाच्या आत ऑफिसातून बंद केलेला. मग आकडा चढतच जातो. दार उघडलं थेट दुसऱ्या दिवशी, सकाळी सहा पन्नासला. मी ते आकडे इतक्यांदा वाचले की पाठ झाले.

भूषणभाऊंसमोर कागद ठेवला. लाईट नुकतीच आली होती, सवयीनं गजर बंद केला, म्हणाले. सकाळी सुकलाल दाराला टेकून बसलेला. प्रेमराजभाऊंनी सांगितलं, म्हणून गाडीत घालून रस्त्यावर नेऊन ठेवला.

मजेशीर माणूस म्हणे! लाज वाटते मला माझीच.

सोमवार, १० मार्च
नोंदीची प्रत फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. उद्या संध्याकाळी पोलिसांत देणार. नानीबाईला सगळं सांगितलं. रडली नाही. ती जागा दाखव, म्हणाली. आत जायची मला भीती वाटते. पण तिला नाही कसं म्हणू?

मंगळवार, ११ मार्च
सगळे मजूर भोंगऱ्याला गेलेत. भूषणभाऊंनी किल्ली दिली, स्वतः ऑफिसातच थांबले.

२.००
आम्ही दोघी आत आणि दार लागलं. क्रेट अडकवलं होतं, तरी लागलं. आतून कडी नाही. मोबाईलला रेंज नाही. यंत्राच्या पडद्याचा उजेड आहे तेवढा. लिहितेय, नाहीतर किंचाळत सुटेन.

२.२०
पिकल्या केळीचा वास. खोली रिकामी आहे, मी स्वतः पाहिली— आकडा भराभर चढतोय. दोघींच्या श्वासानं एवढा नाही चढत. त्या दिवशीचेच आकडे. एकही चुकत नाही—

नानीबाई दाराजवळच्या अंधाराशी बोलतेय. हळू, त्यांच्या बोलीत. थांबते, ऐकते, मान हलवते—

२.४०
गजर! वाजतोय! भूषणभाऊ ऑफिसात आहेत. आता तरी उठतील, आता त्यांना माहीत आहे, उठतीलच—

बंद झाला.

डोकं जड— नानीबाईनं हात धरलाय माझा. दुसरा हात कोणाच्या तरी— ती सांगते, तो म्हणतो दार ठोकू नका. श्वास जपून घ्या. सकाळी उघडतात. मी पण असाच टेकून बसलो सकाळपर्यंत