युरोपावरचं ऊन

१२ फेब्रुवारी
साप्पोरोत बर्फ खिडकीच्या वर गेलाय. प्रयोगशाळेत दिवसाही दिवे. पुढच्या महिन्यात आमच्या प्राध्यापकांचं, ओनोदेरा सेन्सेईंचं, निवृत्तीचं व्याख्यान, आणि त्यासाठी युरोपाचा मोठा नकाशा मी करायचा. गुरू ग्रहाच्या ओढीने त्याच्या या चंद्राचं बर्फाचं कवच ताणलं जातं, फाटतं — मी शाळेत होते तेव्हापासून सेन्सेई हेच सांगतायत. त्यांच्या भेगांवरच माझी नोकरी. मार्चअखेर करार संपतो. पुढचा द्यायचा की नाही, ते विभागातली मंडळी ठरवणार.

१५ फेब्रुवारी
भलतंच झालं! जुन्या नकाशात दक्षिणेच्या पट्ट्यात एक गोल टेंगूळ आहे. आज मूळ छायाचित्र काढून पाहिलं — तिथे तो खड्डा. उल्का आपटून पडतो तसा, साधा. जुना नकाशा जोडताना सेन्सेईंनी हे एक चित्र उलटं बसवलं. ऊन डावीकडून येतंय असं धरून आम्ही सगळे सावल्या वाचत आलो. येतंय उजवीकडून! म्हणजे ज्यांना भेगा म्हणतो ते बांध आहेत. तिथे कवच फाटलेलं नाही, दोन्हीकडून दाबून वर उचललं गेलंय.
आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू? ताणाच्या खुणा जिथे तिथे, दाबाच्या शोधून सापडत नाहीत — आणि मला सापडल्या. मग चूक कुणाची ते आठवलं, आणि चित्र पालथं ठेवलं.

१६ फेब्रुवारी
जेवले नाही.

२० फेब्रुवारी
ताकिगावा-सानांना सांगितलं. सेन्सेईंचे माझ्याआधीचे विद्यार्थी. त्यांनी चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं, मग ओडेनच्या रश्श्यातला मुळा खात बसले. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आता गप्प बस. गुरूची चूक काढणाऱ्या पोरीला इथे खुर्ची कोण देणार?"
सांगितलं तर मी गेले. नाही सांगितलं तर जन्मभर खोट्या भेगा मोजायच्या.

४ मार्च
सांगितलं! सेन्सेई भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. आणखी कुणाला दाखवलंस, विचारलं. फक्त ताकिगावा-सानांना, म्हटलं. "पुरे. आता कुणाला नको." चित्रं त्यांनी खणात टाकली. परत मागायची हिंमत झाली नाही.

१४ मार्च
सभागृह भरलेलं. सेन्सेईंनी सगळ्यांसमोर ते चित्र फिरवून दाखवलं. "ही माझी चूक. जुनं सामान आवरताना मलाच सापडली." आणि खाली वाकले. लोक उभे राहिले. शेजारची बाई डोळे पुसत होती. मीही टाळ्या वाजवल्या.
माझं नाव कुठेच नाही. चोर! लबाड म्हातारा! उशीत तोंड खुपसून रडले.

१५ मार्च
करार मिळाला. सेन्सेईंची पुस्तकं बांधू लागायला गेले होते. दोरीला गाठ मारता मारता ते म्हणाले, "माझी चूक मी सांगितली तर मी प्रांजळ ठरतो. तू सांगितलीस तर तू उद्धट ठरतेस. मी चाललो, कुवाबारा. तुला यांच्यातच राहायचंय."
कमरेतून वाकून आभार मानले. काल निदान त्यांचा राग तरी करता येत होता.